मेलेला बोर्ड
सोल्डरिंग करताना रोझिन, म्हणजे राळ, वितळल्याचा वास आला, की दारव्ह्यातलं ते दुरुस्तीचं दुकान आठवतं. माझ्या लॅपटॉपचं चार्जिंग पोर्ट तुटलं होतं आणि वारलेल्या आईच्या आवाजातली, आमच्या कोलामी बोलीतली गाणी फक्त त्यातच होती. स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं, काढताही येईना. "बोर्ड मेला, बाई. गाणे इसरून जा," दुरुस्तीवाला गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला. त्या हसण्यापायी मी सोल्डरिंग शिकले, भंगारातल्या बोर्डांवर बोटं भाजून घेतली आणि शेवटी नवं पोर्ट स्वतः बसवलं. मग भर बाजाराच्या दिवशी लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवून आईचं गाणं मोठ्यानं लावलं. "बंद करा ना ताई, लोक पाहून राह्यले," तो पुटपुटला. गाणं संपेपर्यंत मी हलले नाही. आता त्याच्या अगदी समोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जागा मुद्दामच निवडली.