ओट्यापुढची भिंत

मी गाव सोडलं तो बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. स्टँडवर बैलांनी भरलेले टेम्पो आडवेतिडवे उभे होते, एसटीला आत यायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत आई माझी पत्र्याची पेटी धरून उभी होती. पुण्याला डिप्लोमाला माझा नंबर लागला होता. आमच्या बौद्धवस्तीतून शिकायला बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी, म्हणून सोडायला दहा-बारा जण आले होते. कुणी जपून राहा म्हणत होतं, कुणी अभ्यास कर. आईनं फक्त डबा हातात दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, "गाडीत उघडू नको. सुकटीचा वास येतो." गाडी सुटेपर्यंत तिनं तेवढंच दोनदा सांगितलं. मला त्यात तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. वास येतो, लोकांना त्रास होतो, आपण जपावं, इतकं ते सरळ होतं.

वस्तीत राहिलेल्यांनी हे वाचावं, आणि माझ्यासारखे भोसरी, मोशी, कल्याण असे कुठं कुठं पांगलेत त्यांनीही. यातलं बरंचसं तुम्ही सगळ्यांनी भोगलंय आणि कुणी कधी तोंड उघडलेलं नाही. मीही नाही. आता मात्र मला गप्प बसण्याचा वीट आलाय.

पुण्यात खोली बघायला गेलं की मालकीणबाई आधी आडनाव विचारायच्या, मग नॉनव्हेज करता का विचारायच्या, आणि त्यानंतर ती खोली कुणाला तरी कालच दिलेली निघायची. शेवटी एक मिळाली. तिथं मी तीन वर्षं खिडकी लावून आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबून सुकट भाजली. घामानं निथळायची, पण वास बाहेर जाऊ दिला नाही.

पुढं एका बांधकामवाल्याच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची नोकरी लागली, ती आजवर टिकली. अलीकडं ज्याला त्याला ओपन किचन हवं असतं. हॉल आणि स्वयंपाकघरात भिंत नको, हवा खेळली पाहिजे, स्वयंपाक करणारी बाई चारचौघांपासून तुटता कामा नये. ऐकायला फार छान. मध्यंतरी एक जोडपं आलं, दोघंही शिकलेली, बोलायला गोड. त्यांनी मधली भिंत काढायला लावली, ओट्याला उंच खुर्च्या सांगितल्या, आणि उठता उठता बाई म्हणाल्या, ड्राय बाल्कनीत एक छोटासा कप्पा द्या, कामवाल्या बाईचा कप आणि ताटली वेगळी ठेवायला. मला शिसारी आली. आणि मी तो कप्पा मापात काढून दिला, वर विचारलं, त्याला दार हवं की उघडाच ठेवू.

दोन वर्षांपूर्वी आईचं गावातलं पत्र्याचं घर काढून तिथं पक्कं बांधायचं ठरलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊबहीण नाही, आई एकटीच राहते. नकाशा अर्थात मीच काढला. सगळं खालीच, कारण तिचे गुडघे गेलेत. दारातून आत आलं की डावीकडं बसायची जागा, समोर ओटा, मधे काही नाही. मागं तिची खोली आणि न्हाणी. जन्मभर ती पाठीमागच्या चार हात कोंदट जागेत धूर गिळत राबली, आता उजेडात, सगळ्यांच्या देखत उभी राहू दे, असं माझ्या मनात होतं. मोठ्या हौसेनं तिला मोबाइलवर नकाशा दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं आणि एकच विचारलं, "भिंत कुठाय?"

आधी मी हसण्यावारी नेलं. आमच्याकडं गावोगाव आता ओपन किचनची साथ आली आहे. कांद्याला बाजार मिळाला की ट्रॉल्या, ग्रॅनाइट, वर चिमणी. आणि खरा स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीवर. पुढचा ओटा आल्यागेल्यानं बघायचा, त्याच्यावर फोडणी पडत नाही. मला त्या दिखाऊपणाची चीड आहे. आईलाही मागची चूलच हवी असेल, सवय मोडत नसेल, असं समजून मी तिला महिनाभर समजावत राहिले. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी पुन्हा भिंतीवर यायची.

स्लॅब टाकून झाला, बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या. मी दर शनिवारी जायची. काम बाळासाहेबाकडं दिलं होतं. तो गावातलाच, शाळेत माझ्या वर्गात होता. मला ताई म्हणतो, आईला मावशी. जयंतीला वर्गणी देतो, मिरवणुकीत आमच्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून नाचतो. एका शनिवारी तो गावातल्या दोन कारभारी माणसांना बांधकाम दाखवायला घेऊन आला. आईनं राहण्यापुरती शेजारीच शेड टाकली होती. तिथं गॅस पेटलेला होता, त्यावर दूध तापत होतं. आणि आई थर्मास घेऊन फाट्यावरच्या हॉटेलाकडं निघाली होती, या तिघांसाठी चहा आणायला. सत्तरीची बाई, एका हातानं गुडघा दाबत.

मला एकदम माझी किटली आठवली. लहानपणी गावातलं कुणी माणूस घरी आलं, मास्तर असो की ग्रामसेवक, की आई माझ्या हातात किटली देऊन मला हॉटेलात पळवायची. चहा हॉटेलचा, ग्लासही हॉटेलचेच. मला त्याचा केवढा अभिमान होता. पाहुण्याला आम्ही घरचा साधा चहा देत नाही, विकतचा पाजतो. शाळेत मी हे सगळ्यांसमोर मिरवून सांगितलं होतं. बाई तेवढ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पाहुणे गेल्यावर मी आईला विचारलं, दूध गॅसवर असताना ही पायपीट कशासाठी. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "आपल्या घरचं कुणी घेत न्हाई गं. अन नाय म्हणायला त्यांनाबी जड जातं. कुनाचा उपास निघतो, कुनाचं पोट बिघडतं. म्हणून तुझ्या आजीनं ही रीत पाडली. हाटेलातनं आणायचं. त्यांचीबी अब्रू राहती, आपलीबी राहती." मग तिनं भिंतीचं सांगितलं. भिंत नसली तर आल्या माणसाला ओटा दिसणार, गॅस दिसणार, दूध दिसणार. समोर सगळं असताना बाहेरून का आणलं, हे त्याला काय सांगायचं?

म्हणजे ती भिंत धुरासाठी नव्हती, वासासाठीही नव्हती. आमच्या चहाचा विटाळ मानणाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून माझ्या आईला घरात चार इंची वीटकाम हवं होतं. मला त्या माणसांची किळस आली, आजीच्या त्या समजूतदारपणाची आली, आणि सगळ्यात जास्त माझी. कारण मोशीच्या माझ्या फ्लॅटवर ऑफिसातलं कुणी आलं की मीही चहा-खाणं मोबाइलवरून बाहेरचंच मागवते. माझा ओटा कोरडा ठणठणीत असतो. ती मला माझी हौस वाटायची.

मी आईवर ओरडले. कशाला यांची अब्रू सांभाळतेस, भिंत अजिबात होणार नाही, म्हणाले. ती चिडली नाही. "तू शनवारी येती, आयतवारी जाती," ती म्हणाली. "सोमवारी मलाच त्यांच्यात ऱ्हायचंय."  पुण्याला जाऊन बसलेल्या माणसाला गावातल्या माणसाचं धाडस ठरवणं सोपं असतं. पुढच्या शनिवारी मी बाळासाहेबाला सांगितलं, घाल भिंत. त्यानं लगेच फक्की मागवली आणि जमिनीवर पांढरी रेघ मारून घेतली. म्हणाला, "ताई, मीबी तेच म्हणणार व्हतो. वासाला भिंत बरी."

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, बघ, तुझा बाळासाहेबसुद्धा त्यातलाच. तिला ते लागलं. "समदे सारखे नसत्यात," ती म्हणाली. "तो घेईल. आपुनच त्याला कधी दिला नाय." मग मी तिला शब्दात पकडलं. उद्या घरचा दे, म्हणाले, त्यानं घेतला तर भिंतीचं कामच काय? आई विचारात पडली. पण ती तयार झाली, आणि खरं सांगायचं तर हरखली. सकाळी तिनं ठेवणीतले चिनी मातीचे कप काढले, दोनदा विसळले, आलं ठेचलं, दुधाला हात सैल सोडला. तिचा मुलगाच जेवायला येणार असावा असं तिचं चाललं होतं. तिच्याकडं बघून मला वाटलं, घेऊ दे रे त्यानं. माझं खोटं पडू दे.

विटा उतरवून झाल्यावर बाळासाहेब आत आला. आई कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "घरचा हाय," असं तिनं मुद्दाम सांगितलं.

त्यानं हसून हात जोडले. "मावशी, चहा सोडला की मी. शुगर निघालीय."

तासाभरापूर्वी गवंड्यांबरोबर त्यानं हॉटेलचा चहा घेतला होता. ते कागदी कप त्याच्या पायाशी वाळूत पडलेले होते. आईनं त्या कपांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. हातातला कप तिनं खाली ठेवला नाही. उभ्या उभ्या, त्याच्या देखत, सावकाश स्वतः प्याली. मला तिच्याकडं बघवेना. कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "मंग उद्यापास्नं हाटेलातलाबी आणत न्हाई. शुगरला वंगाळ."

तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही. आई रेघेपाशी गेली आणि तिनं चपलेनं ती फक्की या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली.

"भिंत घालू नका," ती म्हणाली.

"मावशी, पण कालच तर ठरलं..."

"ज्याला तोंड फिरवायचंय त्यानं दारातनंच फिरवावं. आत यिऊन, बसून, मावशी म्हणून मग नको."

बाळासाहेबानं पुढचं काम चोख केलं, एक वीट वाकडी नाही, हे मी कबूल करते. अजूनही भेटला की मावशीच म्हणतो, तब्येतीची चौकशी करतो. मला याचीच जास्त किळस येते. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं.

घर होऊन आता वर्ष होईल. माणसांचं येणं कमी झालंय. पूर्वी कागदावर सही करून घ्यायला, मत मागायला येणारे आत येऊन टेकायचे, ते आता अंगणातूनच आवाज देतात. आईला त्याचं वाईट वाटतं, ती ते लपवत नाही. एकटीला दुपार खायला उठते म्हणते. पण दार ती लावत नाही. सुकट भाजायची असेल तरी लावत नाही. आणि कुणी आत आलंच तर उठून आधण ठेवते, न विचारता. परवा शाळेतल्या नव्या बाई आल्या, त्यांनी घेतला. आईनं मला रात्रीपर्यंत न थांबता तिथूनच फोन करून सांगितलं, आणि वर सांगितलं की दुसऱ्यांदा मागितला.

मी मात्र अजून इथं पाहुणे यायच्या आधी मोबाइल हातात घेते. परवाही घेतला. नकाशा काढणं मला जमलं, त्यात राहणं आईला जमतंय. कुणी विचारलं घर कुठलं, तर मी मोशीचा पत्ता सांगत नाही, बेल्ह्याकडचं सांगते. तिथं चहा घरचा असतो.