लंडनला न अडकलेले पैसे

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला बसलो की आधी बँकेतली फजितीच आठवते — तेवढीच हसत सांगण्यासारखी आहे म्हणून असेल.

एका परदेशी कंपनीच्या शेअरवर निघालेल्या पावत्या मी घेतल्या होत्या. शेअर लंडनचे, पावत्या मात्र आपल्याच बाजारात घ्यायच्या, आपल्याच बाजारात विकायच्या. पहिला लाभांश आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून मी बँकेत गेलो आणि विचारलं, पौंड कुठल्या खिडकीवर मिळतात? कॅशियर पोरगी म्हणाली, "काका, रुपयेच आलेत. खात्यात बघा की." मागची रांग हसली. मीही हसलो.

म्हणजे मला ठाऊक होतं — पैसा इथंच आहे. एवढं लक्षात ठेवा.

पैसा माझा नव्हता. सुमनचा होता, बायकोचा. पाचोडला, तिच्या माहेरी, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीनं सही केली की भाऊ साडीचोळी देऊन मोकळे होतात. तिच्या थोरल्या भावानं, नामदेवदादांनी, साडीवर तिच्या वाट्याचे पैसेही ठेवले. ते मी या पावत्यांत घातले आणि सासरवाडीत 'लंडनवाले दाजी' झालो. काय मिरवलो म्हणता! वाळूजच्या कंपनीतला स्टोअरकीपर मी — दुसरा रुबाब होता कुठं?

भाव निम्म्यावर आला. ते मी कुणाला कळू दिलं नाही.

मग दादांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. दादा स्वतः घरी आले. "दाजी, सुमीचे ते पैसे थोडे दिवस मिळतेन का? मोसंबी उतरली की आणून देतो."

आणि मी म्हणालो — "दादा, ते लंडनला अडकलेत. लवकर निघत नाहीत."

दलालाला एक फोन केला असता तर चार दिवसांत रुपये खात्यात आले असते. पण निम्मेच. आणि ते सगळ्यांना दिसले असते. एवढ्यासाठी? हो — एवढ्यासाठीच.

दादांनी उलट माझीच समजूत काढली. पैसे जमायला महिना गेला. डोळा गेला.

आता त्यांच्याकडे गेलो की मी उजव्या बाजूला बसतो. तिकडून मी त्यांना दिसत नाही.

परवा सुमनला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. जुडी संपल्यावर म्हणाली, "दादाला सांगू नका. तो अजून बाजारात लोकांना सांगतो — पैसे लंडनला अडकले, नाहीतर आमच्या दाजींनी डोळा जाऊ दिला नसता."