शालनचं एवढंच मागणं

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. हातात तिनेच दिलेली घोसाळ्याची जाळी होती. फोन तिच्या मुलाचा, अमोलचा. ‘मावशी, आई गेली ओ…’ एवढंच बोलून त्याने फोन वडिलांकडे दिला, आणि सुभेदारांना तर तेवढंही बोलता आलं नाही. सांगलीहून पलूसकडच्या त्यांच्या गावी पोचायला मला दुपार झाली. फाट्यावर उतरले आणि समोरच शालन दिसली. दोन बांबूंना ताणून बांधलेला, माणसापेक्षा उंच फ्लेक्स. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली गावातल्या तरुण पोरांचे फोटो आणि मध्ये पुतण्याच्या लग्नातल्या फोटोतली हसणारी शालन. घरी तिला अजून तिरडीवरही ठेवलं नव्हतं, आणि फाट्यावर हे तयार! फ्लेक्स लावला म्हणून जिने सख्ख्या भाच्याच्या वाढदिवसाला पाऊल ठेवलं नव्हतं, तिचा. मला रडू यायच्या आधी संताप आला, हे खरं सांगते.

तिला जाऊन काही आठवडेच झालेत. चांगलं आठवून लिहावं असं मनात होतं, पण माझ्याच्याने ते होत नाही. तिने जाताना एकच गोष्ट मागितली होती. माझ्या मागं माझ्या नावानं प्लॅस्टिक नको, आणि नदीत तर अजिबात नको. त्या मागण्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते डोळ्यांसमोरून हलल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आम्ही दोघी वाईच्या. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर वाढलो म्हटलं तरी चालेल. मी बँकेत लागले, सांगलीत स्थायिक झाले; शालन फौजीच्या घरात पडली. सुभेदार सीमेवर आणि ही उसात. कृष्णा तिच्याही शिवाराला लागून आणि माझ्याही शहरातून, म्हणून ती म्हणायची, ‘आपलं माहेर मागनं चालत येतंय बघ.’ असल्या बोलण्यात ती पटाईत. बाकी पर्यावरण वगैरे शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत.

सगळं सुरू झालं ते एका महापुरानंतर. पाणी ओसरलं आणि मी मदतीला म्हणून तिच्याकडे गेले. ऊस आडवा, आणि उसावर पिशव्याच पिशव्या, झाडांच्या शेंड्यापर्यंत. आम्ही दोघी चिखलात उभ्या राहून त्या वेचत होतो. शालनच्या हाती एक गाठ मारलेली पिशवी लागली. सोडून बघते तर आत कुणाचं तरी निर्माल्य. कुजून काळं झालेलं, वर हळदकुंकवाची पुडी तशीच. कुठून वाहत आलं कोण जाणे, पण गाठ सुटली नव्हती. वास असा की मी तोंड फिरवलं. शालन मात्र बघतच राहिली. मग म्हणाली, ‘आगं, देवाला वाह्यलेलं देवाला पोचलंच न्हाई की. पिशवीतच कोंडून मेलं.’ लहानपणी वाईला आम्ही दोघीही अशाच पिशव्या भिरकावायचो, कुणाची लांब जाते बघू म्हणून. त्याची आठवण मी काढली नाही, तिनेही नाही.

त्यानंतर ती पेटलीच. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून गावभर वाटल्या. परड्यात घोसाळ्याचा वेल चढवला. घोसाळी वेलावरच वाळवायची, साल काढून, बिया झटकून जाळ्या करायच्या. अंग घासायला त्याच, भांड्यांनाही त्याच. दातांना राखुंडी, केसांना शिकेकाई, धुण्याला रिठे, खरकट्याला काथ्या. पोरींना शाळेत जाऊन पाळीसाठी कापडाच्या घड्या शिवायला शिकवल्या, तेव्हा गावात कुजबुज झाली. सगळं जमलं असंही नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊन सुभेदार दोन दिवस लाल डोळ्यांनी हिंडत होते आणि ‘सीमेवर सुखी होतो’ म्हणून मला सांगत होते. भांड्यांसाठी लिंबाच्या सालींचं काहीतरी आंबवलं, त्याच्या वासाने म्हैस दावणीला थांबेना. आणि ती हट्टी होती, माणसाला नको करायची. पाहुणा पाण्याची बाटली घेऊन आला की बाटली बाहेर ठेवायला लावायची, तांब्या पुढे करायची. सून स्वाती बिचारी शाम्पूच्या पुड्या पिठाच्या डब्यात लपवायची. एकदा भाकरी थापताना पीठ फेसाळलं आणि सासू-सुनेत अबोला झाला… तो मिटवायला मला सांगलीहून जावं लागलं होतं. मी तिला चिडवायचे, ‘शालन, तुझ्या घरी यायचं म्हणजे झडती देऊन यावं लागतं.’ ती हसायची, आणि निघताना पिशवीत दोन जाळ्या कोंबायची.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. सांगलीत दवाखान्यात ठेवली. मी रोज डबा घेऊन जायचे. नाकात नळी, हाताला नळी, लघवीला नळी, वर सलाईनची बाटली. सिस्टर यायची, हातमोजे घालायची, काढून बादलीत टाकायची, दुसरे घालायची. कॉटखालची बादली सकाळी रिकामी केलेली असायची आणि दुपारी भरायची. शालन त्या बादलीकडेच बघत असायची. मी म्हटलं, ‘काय बघतेस त्यात?’ तर म्हणाली, ‘इतकी वर्सं वाचवलं न्हवं, ते समदं ह्या कॉटवर फिटलं बघ. माझ्यासारखी येडी मीच.’ मी काहीतरी समजूत घातली. दवाखान्यात त्याला इलाज नसतो वगैरे. ती भिंतीकडे वळली. तिला मी आयुष्यात इतकी हरलेली पाहिली नव्हती, आणि तिच्या तोंडून ‘माझं चुकलं’ असं काही निघेल की काय, या भीतीने मी डबा आवरून लवकर निघाले.

दुसऱ्या दिवशी अमोल आला होता. माझ्यासमोरच तिने त्याला जवळ बसवलं. ‘अमोल, माझ्या दहाव्याला नदीत पिशवी टाकू नका. आन् तेराव्याचं जेवान पत्रावळीवर घाला. यवढंच. दुसरं काय मागत न्हाई.’ अमोल मान डोलावत म्हणाला, ‘आई, तू बरी होऊन घरी येणार हायस.’ हो म्हणाला नाही. ते मला त्याच वेळी लागलं होतं.

दहावा नदीवर झाला. भटजींची यादी दुकानदाराने बांधून दिलेली, प्रत्येक जिन्नस वेगळ्या पिशवीत. काळे तीळ, जव, गुलाल, उदबत्तीचा पुडा. विधी होत गेले तशा पिशव्या मोकळ्या झाल्या आणि वाऱ्याने पाण्यात गेल्या. कुणी टाकल्या नाहीत, कुणी धरल्याही नाहीत. पिंड मांडले, सगळे मागे सरकलो. कावळा काही शिवेना. पलीकडे दुसऱ्या कुणाचा दहावा होता, तिथे कावळ्यांनी नुसता गोंधळ घातला होता; आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. मी असल्या गोष्टी मानत नाही. शालनही मानत नव्हती. तरी तिथे उभी राहिल्यावर मीही आभाळाकडेच बघत होते.

मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून एकेकाने शब्द द्यायचा. स्वाती पुढे झाली, ‘आत्या, मामंजींना काय कमी पडू द्यायची न्हाई.’ कावळा नाही. दीर म्हणाले, ‘वयनी, वाटणीवरनं भांडणार न्हाई आमी.’ नाही. नातीच्या शिक्षणाचा शब्द झाला, म्हैस विकणार नाही असाही झाला. ऊन चढलं. तिथे उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं तिचं मन कशात आहे. सगळे ते सोडून बाकीचं बोलत होते. शेवटी मीच अमोलजवळ गेले, हळूच म्हटलं, ‘म्हण की रे, तेराव्याला पत्रावळ घालतो म्हणून.’

अमोलने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्याचे. ‘मावशी, आचाऱ्याला सांगून झालंय. ताटं, ग्लास, पाण्याच्या बाटल्या, समदं त्याचंच. सारा गाव जेवणार, यवढ्या पत्रावळी कुठनं आणू? आन् जे व्हायचं न्हाई, ते आईला कसं सांगू? तिला खोटं चालायचं न्हाई ओ.’

मी माझ्या जागी परत आले. भटजींनी आणखी थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं. सगळे हातपाय धुऊन निघाले. मागे वळून पाहिलं तर तिळाची पिशवी कडेच्या दगडाला अडकून फडफडत होती. तेराव्याला काय झालं ते सांगत नाही. ओढ्याच्या कडेला ढीग होता, गावातल्या प्रत्येक कार्यानंतर असतो तसाच.

परवा पुन्हा जाऊन आले. न्हाणीघरात शाम्पूच्या पुड्यांची माळ आता उघड टांगलेली आहे. माझी नजर गेलेली पाहून स्वाती म्हणाली, ‘मला न्हाई जमत मावशी त्यांच्यागत. लेकरं, म्हसरं, शेत… कवा कुटत बसू रिठं?’ खोटं नाही तिचं. परड्यातला वेल वाळून गेला होता, मांडव मोडायला काढला होता. तिने शोधून एक शेवटची जाळी माझ्या हातात ठेवली. घरी जी आहे ती विरत आलीय, तंतू सुटतात रोज थोडे. ही संपली की शालनच्या हातचं माझ्याकडे काही उरणार नाही. लुगड्यांच्या पिशव्या विरल्या, घड्या विरल्या. तिने केलेलं सगळं मातीत जाण्यासारखंच होतं, तिला तसंच हवं होतं.

निघताना सुभेदार गोठ्यामागे बसलेले दिसले, म्हणून निरोप घ्यायला गेले. त्यांच्यासमोर कडब्याची गंज होती, आणि गंजीवर पावसापासून राखण म्हणून फाट्यावरचा तो फ्लेक्स अंथरलेला. चारी कोपऱ्यांना दगड. मध्ये शालन, पुतण्याच्या लग्नातली, हसणारी. उन्हापावसात राहूनही रंग जराही उतरला नव्हता.

‘टाकून द्यायला जीव हुईना ताई,’ सुभेदार म्हणाले. ‘आन् लय टिकतं हे. मी जाईस्तोवर काय हुत न्हाई त्याला.’