मिथुन दुर्गेचा वाहतूक पास

मिथुन दुर्गेने मिशी काढायची की नाही, हे आमच्या गावात ग्रामसभा ठरवते. हसू नका. आधी मलाही हसू यायचं, आता रागच येतो.

भामरागडच्या रस्त्यावरचं आमचं गाव. बांबू आमचा, मोह आमचा, आणि एकाचाही नकार असला तर ठराव होत नाही, ही आमची पद्धत. त्याच ऐटीत मिथुनने मोहफुलं तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. कोड साऱ्या जगाला खुला. सभेत टाळ्या पडल्या. काहीच लपून राहू नये म्हणून सभेने मोहाचा भावसुद्धा कोडमध्येच लिहायला लावला. त्यामुळे भाव बदलला की अख्खी सिस्टीम नव्याने कंपाइल करायची. आणि लिहिलेला कोड काट्यातल्या चिपच्या भाषेत उतरवणारा एकुलता एक कंपायलर निघाला परदेशी कंपनीचा. तांदूळ आपले, पाणी आपलं, चूल परक्याच्या घरात, आणि घराला कुलूप.

ते कुलूप मिथुनच्या चेहऱ्याने उघडतं, तेही फक्त आमच्या गावातून. कंपायलरच्या लायसनसाठी फोटो काढला त्या दिवशी त्याची दाढ सुजली होती. म्हणून रोज सकाळी गालात सुपारी धरून तो कॅमेऱ्यासमोर बसतो. मिशीवर ठराव आहे. मोह वेचायला त्याला बंदी आहे, कारण अस्वलाने तोंडावर पंजा मारला तर सिस्टीम गेली.

सिरोंच्याची दिव्यानी त्याच्याशी लग्नाला तयार होती. तिची नोकरी तिकडे, तेव्हा मिथुनने जायचं ठरवलं. बांबू गावाबाहेर न्यायला सभा वाहतूक पास देते. शहाण्याने तोच पास स्वतःसाठी मागितला. सभेचे अध्यक्ष सोमाजीभाऊ, त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. ते फक्त लांबी-जाडी विचारत होते.

सभेला दिव्यानीही आली. म्हणाली, "तुमचा कोड साऱ्या जगात फिरते, अन् यालेच काऊन बांधून ठेवला?"

मग जन्मभर मोह वेचत आलेल्या रंभाबाई उठल्या. "जाऊ द्या पोराले. आपन जुन्या काट्यावर तोलू."

"व्यापारी काटा मारते, बाई," सोमाजीभाऊ म्हणाले.

"मारू द्या."

एकेक हात वर गेला. उशिरा का होईना, सोमाजीभाऊंचाही गेला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! एकच हात खाली राहिला.

"मिथुन, तुहा हात काऊन खाली हाय?" सोमाजीभाऊंनी विचारलं.

"मी गेलो तं सकाळी कॅमेऱ्यापुढे कोन बसन?" मिथुन म्हणाला.

एकाचा नकार, म्हणजे ठराव नाही. दिव्यानीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, पिशवी उचलली आणि ती बसथांब्याकडे निघाली. तिला थांबवायला मीच उठलो. मिथुन सोमाजीभाऊंना उद्याचा मोहाचा भाव विचारत होता.