शब्दांआधीचा सूर

ऊर्जानगरच्या क्वार्टरात नंदिनी सकाळपासून लॅपटॉपला चिकटून होती. उद्या नागपुरात तिच्या आईच्या, नीलाबाईंच्या, गळ्याचं ऑपरेशन. नंतर गाता येईलच, असं डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नव्हते. विहाराच्या गायन मंडळात ही बाई जन्मभर पुढे गायली, आणि तिचं एक गाणं कुणी नीट रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यातच आठवडा गेला होता. मंडळाचा ढोलकीवाला धम्मदीप म्हणाला होता, "मोठंच घे. त्यात मूळ आवाज अलग राह्यते, कितीबी खोडखाड कर." पण मोठं उघडलं की जुना लॅपटॉप मान टाकायचा. शेवटी तिनं फुकटचं, हलकं घेतलं. शेजारच्या पॉवर स्टेशनची घरघर इथल्या माणसांना ऐकूच येत नाही, माइकला मात्र येते. ती घरघर हे सॉफ्टवेअर झटक्यात काढून टाकायचं. त्यावरच नंदिनी भाळली.

नीलाबाई गायल्या. आवाज फाटला, तरी गाणं सोडलं नाही. संपल्यावर गळा धरूनच बसल्या.

नुसत्या घरघरीचा तुकडा दाखव, असं सॉफ्टवेअरनं सांगितलं. नंदिनीनं शब्दांआधीचा तुकडा दिला, साफ केलं, मूळ फाइलवरच सेव्ह केलं, बंद केलं. मग आईला ऐकवलं.

घरघर गेली होती. आवाज पोकळ, कोरडा येत होता. नीलाबाईंनी विचारलं, "ही कोन बाई व्हय?"

नंदिनीला आपण दिलेला तुकडा आठवला. शब्दांआधी आई तोंड मिटून मंडळासाठी सूर धरते. जन्मापासून ऐकलेला तो सूर नंदिनीच्या कानांनी शांततेतच मोजला होता. सॉफ्टवेअरनं घरघरीबरोबर तोही सगळ्या गाण्यातून उपसून टाकला. एकदा बंद केलेल्या फाइलवर मागे फिरायचं बटन आता दाबलंच जाईना.

"आई, मी तुहा आवाज पुसला वं," ती रडू लागली. "अजून एकदा म्हनशील?"

"शब्द नाई निघत आता," नीलाबाई कुजबुजल्या. "सूर धरीन. तू म्हन."

"मले नाई येत तुह्यासारखं."

"मले तरी कुठी येत होतं?"

नंदिनीनं माइक दोघींच्या मध्ये ठेवला. नीलाबाईंनी तोंड मिटून सूर धरला. तो तुटला. श्वास घेऊन त्यांनी पुन्हा धरला. नंदिनी गाऊ लागली, भीत भीत. ती रेंगाळली की आई मांडीवर जोरात थाप मारी.

शेवटची ओळ झाली तरी नीलाबाईंचा सूर थांबला नाही, आणि नंदिनीनं रेकॉर्डिंग बंद केलं नाही.