आम्ही दोघी एका घरातल्या

शेवटच्या दिवशी सकाळी वहिनीनं मला घरातून हाकललंच. मी म्हटलं, वहिनी, मी नाही जात मीटिंगला, तुला अशी टाकून कशी जाऊ. ती उशीला टेकून बसली होती, दोन शब्द बोलली की धाप लागायची, पण तोंड काही कमी नाही. म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा. मी काय पळून जातेय? पळायचं असतं तर तुम्ही आलात त्याच दिवशी पळाले असते."

ती माझी भावजय. भाऊ जाऊन खूप वर्षं झाली. आम्ही दोघीच राहायचो, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. पालिकेचं स्वस्त भाड्याचं घर, वहिनीच्या नावावर. मी तिला अगंतुगं करायचे आणि ती मला अहोजाहो. भांडतानासुद्धा अहोजाहो. "अहो वन्सं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" असं.

नियम असा होता की घर ज्याच्या नावावर तो गेला की घर नवऱ्याला नाहीतर बायकोला, नाहीतर मुलांना. बाकी कोणी असेल तर त्यानं सामान उचलायचं. नणंद बाकीच्यांत. म्हणजे वहिनीनं डोळे मिटले की मी रस्त्यावर. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हा वहिनी स्वतःसाठी रडली नाही. म्हणाली, "मेले असते हो मी आरामात, पण तुमची सोय कुठं झालीय अजून."

तो नियम बदलायचा की नाही, त्याचा त्या दिवशी निकाल होता. मग गेले. शेजारणीला बसवलं तिच्याजवळ.

पालिकेच्या हॉलमध्ये अध्यक्षबाईंनी नवा नियम वाचला. जी माणसं वर्षानुवर्षं एका घरात राहतात, एका चुलीवरचं जेवतात, ती एक कुटुंब, नातं कुठलंही असो. मला वाटलं झालं. तेवढ्यात एक सभासद उठले, म्हणाले, "असं केलं तर उद्या कोणीही कोणाला घरात घुसवेल आणि हे माझं कुटुंब म्हणेल." सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. कारण अशा वेळी वहिनी उठायची. मी आयुष्यात कधी माइक धरलेला नाही. उठले आणि म्हटलं, "साहेब, माझी भावजय घरी पडून आहे. तिला पाणी मी देते. मी तिची कोणी नाही तर मग तिला पाणी कोण देणार, तुम्ही येता का?"

खाली बसले तेव्हा कळलं की मी ओरडले होते. मग हात वर झाले. त्या साहेबांचा पण झाला, जरा उशिरा.

घरी आले ती पळतच. वहिनी म्हणाली, "काय झालं?"

"झालं. पास झालं."

"तुम्ही बोललात?"

"बोलले."

"काय बोललात?"

सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग द्या की पाणी. सगळ्या गावाला सांगून आलात, इथं घसा कोरडा पडलाय."

दोन घोट प्यायली. मी खिडकी लावायला उठले. आमचं जन्माचं भांडण त्या खिडकीवरून. मला उघडी लागते, तिला गार वारा सोसायचा नाही. रोजची कटकट. त्या दिवशी म्हणाली, "असू द्या उघडी." म्हटलं, नाही, लावते. "असू द्या हो वन्सं, तुम्हाला आवडते ना." मग डोळे मिटले. मी तिचा हात धरून बसले होते. कधी गेली ते मलासुद्धा कळलं नाही, इतकी हळू गेली. एरवी दार आपटल्याशिवाय कुठं जायची नाही.

शेजारणी म्हणतात वहिनीचं लिही, सगळ्यांना वाचू दे. मला कुठं येतंय लिहायला, बोलते तसं लिहितेय.

मी तिच्याकडे आले ती नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून. एक पिशवी घेऊन दारात उभी. वहिनी म्हणाली, "चपला आत घ्या, बाहेर कुत्रं नेतं." एवढंच. का आलात नाही, किती दिवस नाही.

पुढं भाऊ अचानक गेला. मी म्हटलं आता इथं माझं काय. ती अजून तरुण होती, तिला तिचं आयुष्य. मी आपली पिशवी भरून ठेवली. वहिनी दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती, दिवसभर चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या. घरी आली, पिशवी बघितली. दोरीवरची आमची चादर काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. एकटीनं नीट घडी बसत नाही." घडी घातली आम्ही. मग तिनं माझी पिशवी उलटी केली, कपडे कपाटात लावले आणि म्हणाली, "टोक ढिलं धरता तुम्ही." त्या दिवसापासून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. मी टोक ढिलं धरते.

त्या नियमाचं आम्हाला काही माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर दोन मैत्रिणी राहायच्या, म्हाताऱ्या, एकीचं घर. ती गेली आणि दुसरीचं सामान जिन्यात आलं. ती पायरीवर तुळशीएवढं एक रोप मांडीवर घेऊन बसलेली. वहिनीनं तिला आत आणलं, जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला न जाता थेट घरांच्या ऑफिसात. मी मागून.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "मावशी, नियम आहे."

"नियम कोण करतं?"

"पालिका."

"कधी करते?"

तो बिचारा भला होता. म्हणाला, दर महिन्याला सुनावणी असते, कोणीही येऊन बोलू शकतं, पण कोणी येत नाही. वहिनी म्हणाली, "कोणी येत नाही तर खुर्च्या कशाला मांडता? आम्ही येतो बसायला."

आणि खरंच बसायला लागली. आधी एकटी. मग वरची मैत्रीण. मग दोघे साडू, बायका गेल्यावर एकाच घरात राहणारे, एकाचा बेकरीत हात तर दुसऱ्याचा नुसता खाण्यात. मग शेजारणीचं पोर वाढवणारे एक आजोबा. वहिनी दारोदार जायची. लोक म्हणायचे, आमच्या बोलण्यानं काय होतंय. ती म्हणायची, "काही नाही झालं तर पंख्याखाली बसून येऊ. चला."

सुनावणीत बोलायची आमची पाळी आली त्या दिवशीचं सांगते. वहिनीनं भाषण पाठ केलं होतं. मी नुसतं शेजारी उभं राहायचं ठरलेलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही एक कुटुंब आहात हे आम्ही कशावरून मानायचं?"

वहिनी म्हणाली, "बाई, आमची एक शेगडी, एक कपाट. मी वन्संना कधी दुखवत नाही. त्या खिडकी सताड उघडी टाकतात तरी मी चकार शब्द काढत नाही."

मी म्हटलं, "चकार शब्द? अगं रोज रात्री डोकं खातेस माझं!"

"कारण मला सर्दी होते!"

"सर्दी तुला ओल्या टॉवेलनं होते. गादीवर कोण टाकतं ओला टॉवेल?"

"आणि चहाची गाळणी? तशीच टाकता की नाही मोरीत? सांगा, सगळ्यांसमोर सांगा!"

"सांगते ना! आणि तू चादरीवरून जे बोलतेस ते पण सांगते!"

"टोक ढिलं धरता म्हणून बोलते!"

माइक चालू होता. आम्हाला भानच नाही. हॉल हसून हसून लोळत होता. भानावर आलो तेव्हा वाटलं, गेलं सगळं, घालवलं आपण. वहिनीचे डोळे भरले, पाठ केलेलं सगळं विसरली. तर अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "बसा. कळलं. परक्या माणसाशी असं कोणी भांडत नाही."

नियम काही त्या दिवशी बदलला नाही. बरंच चाललं त्याच्यापुढं. पण तेव्हापासून सगळ्या वस्तीत तिचं नाव भांडणारी वहिनी.

ती गेल्यावर ऑफिसचा माणूस आला. माझा जीव मुठीत. नियम पास झाला तरी आपल्याला लागू होतो की नाही, काय सांगता येतं? त्यानं दोन खाटा बघितल्या, कपाट बघितलं. म्हणाला, "सुनावणीत भांडलेल्या त्या तुम्हीच ना? मी मागे उभा होतो." मग म्हणाला, "राहा मावशी. घर तुमच्या नावावर होईल." जाताना विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात खिडकी बंद? उकडत नाही का?"

म्हटलं, उकडतं. राहू द्या.

परवा दुपारी दार वाजलं. एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुण बाई, पलीकडच्या इमारतीतले. "भांडणाऱ्या वहिनी इथंच ना?" म्हटलं, ती गेली, मी तिची नणंद. बसा. ते सासरा आणि सून. मुलगा गेला वारून, घर म्हाताऱ्याच्या नावावर, सुनेला पुढं काय, तीच भीती. सून खाली बघून रडायला लागली. म्हातारा म्हणाला, "नवा नियम झालाय, पण सुनावणीत पटवावं लागतं म्हणतात. आम्ही एका घरातले हे कसं पटवायचं तिथं?"

मी चहा टाकला आणि विचारलं, "तुमचं भांडण कशावरून होतं?"

"छे छे," म्हातारा म्हणाला. "आमचं भांडणच नाही."

सून डोळे पुसता पुसता थांबली. "भांडण नाही? बाबा, रेडिओ?"

"रेडिओचं काय? हळू तर लावतो."

"हळू? पहाटे सगळी इमारत उठते! आणि औषधाची गोळी उशीखाली कोण लपवतं?"

"ती कडू असते! आणि तू माझा चष्मा..."

"थांबा, थांबा," मी म्हटलं, "सगळं इथंच संपवू नका. सुनावणीला ठेवा थोडं." आणि गाळणी धुऊन घेतली.