चिखलातल्या अळ्या आणि डिमेलोबाई

प्रा. फिलोमिना डिमेलो यांना मी प्रथम पाहिलं ते कुडाळ-मालवण रस्त्यालगतच्या एका व्हाळात, म्हणजे लहानशा ओढ्यात. नोकरीवर रुजू व्हायला निघालो होतो, एसटी वाटेत बंद पडलेली. पातळ खोचून एक बाई शेवाळाचा चिखल चहाच्या गाळणीत धूत होत्या. "जरा हात दी रे, हंयसर निसराक होता," त्या म्हणाल्या. आमच्याच प्राणिशास्त्र विभागातल्या त्या ज्येष्ठ प्राध्यापक, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या शोधत होत्या लांबटांग्या माशीच्या अळ्या. ही माशी थोराड डासासारखी दिसते, पण चावत नाही. तिच्या जाती पंखांवरून ठरवायची रीत आहे. बाईंचं म्हणणं, अळीही पाहा. तिच्या शेपटाकडे श्वासाची छिद्रं असतात, भोवती बोटांसारखे उंचवटे. पंखांत न दिसणारा फरक तिथे दिसतो. पण कुठल्या अळीची कुठली माशी, हे अळी वाढवून तिची माशी होईपर्यंत ठरत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच झाला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाईंनी थाळ्यांत वाढवलेल्या अळ्या कोषात गेल्या होत्या, माशा आज-उद्या निघायच्या. त्याच सकाळी थाळ्या रिकाम्या! शिपाई बाबल रडवेला झाला होता. "बाई, सेक्रेटरीसायबांनी सांगल्यानी. तपासणीक लोक येतले, डास दिसतीत म्हणान. मिया सगळा गटारात ओतलंय."

"तुझो दोष नाय रे," बाई म्हणाल्या आणि तडक संस्थेच्या सेक्रेटरींकडे गेल्या. मी बरोबर होतो.

"बाई, माशा मारत बसण्यापेक्षा पोर्शन पूर्ण करा," ते म्हणाले. बसलेले चौघे हसले. आजही ते हसू आठवलं की माझं डोकं तापतं.

"पोर्शन पूर्ण आहे. वर्गात येऊन विचारा," बाईंनी सुनावलं आणि लेखी जाब मागितला. त्यावर नोटीस निघाली ती बाबलला! बाईंनी फक्त 'शिपायाची चूक' एवढं लिहून द्यावं, की येतं विभागप्रमुखपद त्यांचंच, असंही सुचवण्यात आलं. प्राध्यापकांच्या भर सभेत बाई उठल्या. "हुकूम कुणाचा होता, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गरिबाच्या पोटावर पाय देऊन मला खुर्ची नको."

बाबलची नोकरी वाचली. प्रमुखपद बाईंच्या हाताखाली शिकलेल्या गृहस्थांना मिळालं. बाईंनी घराच्या मागीलदारी, माडांच्या सावलीत, पुन्हा अळ्या वाढवल्या. पुस्तकांनी एकच मानलेल्या माशीच्या दोन निराळ्या जाती अळ्यांवरून सिद्ध केल्या. तो निबंध छापून येताच संस्थेच्या वार्षिकात झळकलं: 'आमच्या सुसज्ज प्रयोगशाळेतील संशोधन'. निर्लज्जपणालाही काही सीमा असावी!

या महिन्यात बाई साठी पूर्ण करून निवृत्त होत आहेत, प्रमुख न होताच. समारंभात हार घालायला, नोटीस काढणारे तेच हात पुढे येतील. खुशाल येवोत. आमची प्रार्थना एवढीच, की बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि खरं ते तोंडावर सांगणारा त्यांचा आवाज आम्हांला अजून पुष्कळ वर्षं ऐकायला मिळो.